बारशाचा बेसॉल्ट

चांगदेव तरे सरांच्या नातीच्या बारशात सरांवर एकच काम सोपवलं होतं, आणि तेही त्यांच्या हातून बिघडूच शकणार नाही अशा बेताने निवडलेलं. त्यांनी एक दगड आणायचा होता.

खरं तर सरांची महत्त्वाकांक्षा मोठी होती. त्यांना नातीसाठी नाव सुचवायचं होतं. मुलगी मेघाली दवाखान्यातून बाळ घेऊन माहेरी आली त्याच संध्याकाळी, उभा जन्म भूगोल शिकवलेल्या या गृहस्थाने घसा खाकरून तीन नावं मांडली : पँजिया, टेथिस आणि गोंडवना. पँजिया म्हणजे जगातली सगळी खंडं एकाच चुलीवर जेवत होती तेव्हाचं एकत्र कुटुंब. टेथिस म्हणजे हिमालय वर यायच्या आधी तिथे नांदणारा समुद्र. आणि गोंडवना म्हणजे ज्यातून भारत वेगळा निघाला ते दक्षिणेकडचं जुनं खंड, थोडक्यात देशाचं माहेर. बाळंतिणीने तिन्ही नावं शांतपणे ऐकून घेतली आणि मग रडायला सुरुवात केली.

"अवो, पोरीचं नाव ठेवताव का सूड घेताव?" सरांच्या पत्नी काशीबाई म्हणाल्या. "शालंत पोरं गोंडवना म्हनून चिरवतील तिला."

"चिडवू देत," सर म्हणाले. "माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही पोराला तो शब्द पाठ झाला नाही. चिडवण्यासाठी का होईना, होईल."

त्यानंतर नावाच्या चर्चेला सरांना बोलावणं बंद झालं. बाळाच्या आत्याने मोबाइलवरून नाव काढलं : नियारा. अर्थ, तेजस्वी. मोबाइलवर सगळ्याच मुलींच्या नावांचा अर्थ तेजस्वी असतो. पण घरातला पुरुष अगदीच रिकामा ठेवला तर तो घुगऱ्यांच्या पातेल्यात डोकावतो, म्हणून काशीबाईंनी त्यांना वरवंटा आणायला सांगितलं.

ज्यांच्या घरी वाटण मिक्सरमध्ये होतं त्यांच्यासाठी, म्हणजे सगळ्यांसाठीच, इथे थोडा खुलासा. बारशात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला झबलं घालायचं, टोपडं चढवायचं, काजळाचं बोट लावायचं, आणि बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती द्यायचा. बाळ त्याच्यासारखं दणकट व्हावं हा हेतू. मग खऱ्या बाळाचा नंबर. आधी दगड, मग माणूस. हा क्रम भूशास्त्रालाही मान्य आहे, असं सरांचं मत.

तरे कुटुंबाचा स्वतःचा पाटा-वरवंटा होता. जुनं घर पाडून बिल्डरने तिथे इमारत उभी केली तेव्हा "चवथ्या माल्यावर कोन वाटत बसनार हाय?" म्हणून काशीबाईंनी तो अंगणातच सोडला आणि बिल्डरने तो पायाच्या भरावात घातला. म्हणजे तरे मंडळी आजही आपल्याच पाट्या-वरवंट्यावर राहत होती, फक्त मध्ये तीन मजले आणि एक पार्किंग होतं. विहीणबाई विनिताबाईंनी मात्र वळ गावाहून निरोप धाडला होता : "लाटनं-बिटनं चालनार न्हाय. आमच्यात दगराचाच वरवंटा लागतं." विनिताबाई ही हलक्यात घ्यायची विहीण नव्हे. त्यांच्या भातशेतीच्या जागी आता गोदामं उभी आहेत, आणि भाताने जो आवाज कधी दिला नव्हता तो भाड्याने दिला आहे.

"एक दगर आना, म्हंजे झालं," काशीबाई म्हणाल्या.

"खडक," सर म्हणाले.

हे नीट समजून घेतलं पाहिजे. तरे सरांच्या वर्गात 'दगड' म्हणायला बंदी होती. "दगड तुमच्या डोक्यात. भूगोलात खडक असतात," एवढं सुनावून ते म्हणणाऱ्याला बाकावर उभं करत. दुसरा नियम व्याख्येचा : शब्दाला शब्द. 'तप्त शिलारस थंड होऊन' याच्या जागी कुणी 'गार होऊन' म्हणालं की तोही बाकावर. सरांच्या तासाला बसलेल्या मुलांपेक्षा बाकावर उभी असलेलीच जास्त असत. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटे, वर्गात पुराचं पाणी शिरलंय.

वरवंट्याचा विषय निघाला म्हटल्यावर इमारत मदतीला धावली. शेजारचे, यंत्रमागाचा कारखाना चालवणारे नूर मोहम्मद लूमवाले दारातूनच म्हणाले, "सर, इतनी सी बात? कारखान्यात लूमचा लोखंडी वजन पडलाय. गोल, चिकना. झबला चढवला की कोन ओळखतोय?"

"नूरभाई, लोखंड हा धातू आहे."

"तो अच्छा है ना! बच्ची एकदम लोहा होईल."

रुकय्याभाभींनी आतून पितळी खलबत्त्यातला बत्ता पाठवला. तो सरांनी आभार मानून परत पाठवला. पितळ तर मिश्रधातू. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सुधारकाने, काळ बदललाय तेव्हा मिक्सरचं भांडंच फिरवा, असं सुचवलं. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, फक्त जिना उतरायचा असतो.

धामणकर नाक्यावर एका भांड्याच्या दुकानात वरवंटा मिळालासुद्धा. गुळगुळीत, पॉलिश केलेला. कोणताही समंजस माणूस तो पिशवीत टाकून घरी आला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

"हा ग्रॅनाइट आहे," सर दुकानदाराला म्हणाले.

"एक नंबर माल, काका."

"माल उत्तम. पण हा जमिनीच्या खोल पोटात थिजलेला खडक, तोही दक्षिणेतला. आपला सगळा मुलूख बेसॉल्टचा. भिवंडीच्या मुलीच्या पाळण्यात परमुलखातला खडक कसा फिरवायचा?"

दुकानदाराने वरवंटा परत फळीवर ठेवला. "काका, तुम्ही वरवंटा घेताय का सोयरीक जुळवताय?"

शेवटी बारशाच्या दिवशी सकाळी सर स्वतःच निघाले. वळच्या पुढे एक टेकडी कापायचं काम चाललं होतं. अर्धी टेकडी गेली होती, उरलेली आपला नंबर यायची वाट पाहत उभी होती. दुसरा कुणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. सरांचा चेहरा मात्र फुलला. कापलेल्या अंगावर लाव्ह्याचे थर एकावर एक, असे स्वच्छ दिसत होते की जणू तुपात पदर सुटलेला चिरोटा. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने त्यांनी जे वर्षानुवर्षं काढलं, ते इथे जेसीबीने एका पावसाळ्यात काढून दाखवलं होतं.

टेकडीच्या पायथ्याच्या ओहोळात त्यांना तो सापडला. लांबट-गोल, काळसर, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, अंगावर पांढऱ्या खड्यांचे ठिपके. दोष एकच. वरवंटा असतो दीड वीत. हा हातभर होता. पण प्रेमात माणूस मापं काढत नाही.

"सर, ये तो अकेला एक सीट खायेगा," रिक्षावाला शादाब म्हणाला. शेअर रिक्षाचा कायदा कडक असतो. त्याने खडकाचंही भाडं घेतलं. खडक मागच्या सीटवर मधोमध बसला. एका अंगाला सर, दुसऱ्या अंगाला शिफ्टला निघालेला एक कामगार. त्याने या सहप्रवाशाला 'जरा सरको' असं फक्त एकदाच म्हटलं.

पुढे रस्त्यावर महसूल खात्याचं पथक उभं होतं आणि त्याच्यासमोर डंपरची रांग. टेकडी हप्त्याहप्त्याने निघाली होती. प्रत्येक डंपरवाला पास दाखवत होता, साहेब मान हलवत होते. डंपरवाल्यांकडे पास होते. सरांकडे ज्ञान होतं. ज्ञान कुणी तपासत नाही, त्यामुळे रिक्षा सहज निसटली असती. पण वाहतूक तुंबली, रिक्षा पथकाशेजारीच थांबली, आणि सरांच्या कानावर साहेबांचा आवाज पडला. ते लिहिणाऱ्याला सांगत होते, "लिहा. डंपरमध्ये काळा दगड."

सर रिक्षातून उतरले.

"दगड नव्हे. खडक. आणि नुसता काळा नव्हे, त्याला नाव आहे. बेसॉल्ट."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

निवृत्त मास्तराला हा प्रश्न विचारू नये. "थांबा, नमुनाच दाखवतो," असं म्हणून सरांनी त्या कामगाराच्या मदतीने खडक खाली उतरवला आणि साहेबांच्या बुटांपाशी ठेवला. "हा पाहा. आत्ताच डोंगरातून घेऊन आलो."

शादाबने कपाळावर हात मारला.

"पास?" साहेब म्हणाले.

"कसला?"

"गौण खनिज वाहतुकीचा."

सरांना पास नसल्याचं काहीच वाटलं नाही. त्यांना 'गौण' लागलं. "गौण? ज्याच्यावर अख्खं दख्खनचं पठार उभं आहे, तो गौण?"

तेवढ्यात लिहिणाऱ्या तलाठ्याने मान वर केली. "तरे सर! सर, मी मनोज. नववी ब. खिडकीकडचा बाक."

"बसलेला की उभा?"

"उभा, सर. कायम." मनोज भर रस्त्यात सरांच्या पाया पडला. सरांना हायसं वाटलं. आपल्या हाताखालून गेलेला मुलगा म्हणजे आता काळजी मिटली. मनोजनेही तसंच आश्वासन दिलं. "सर, पंचनामा करावाच लागेल, पण तुम्ही सांगाल तसाच करतो. शब्दाला शब्द. तुमचीच शिकवण. वर्णन सांगा."

"अग्निजन्य खडक. पृथ्वीच्या पोटातील तप्त शिलारस पृष्ठभागावर येऊन थंड होऊन बनलेला."

"थंड होऊन," मनोज लिहिता लिहिता म्हणाला. "गार नाही. अंगावरचे पांढरे ठिपके, सर?"

"झिओलाइटचे स्फटिक."

"स्फटिक?" साहेब पुढे झुकले. "मग गौण कसलं? हे किमती खनिज. वेगळं कलम लावा."

"वय, सर?"

"साडेसहा कोटी वर्षं."

"शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर पुरातत्त्ववाल्यांना कळवावं लागेल," साहेब म्हणाले. "हिची शंभर कधी भरली, ते त्यांचं ते काढतील. माल कुठून आला?"

इथे 'ओहोळातून' एवढं म्हणून भागलं असतं. शादाब मागून तोंडाने 'ओहोळ, ओहोळ' असा आकार करून दाखवतही होता. पण ज्या माणसाला आयुष्यभर पोरांनी शंका विचारली नाही, त्याला प्रथमच कुणीतरी शंका विचारली होती.

"तसं पाहिलं तर तो इथला नाही," सर म्हणाले. "हा लाव्हा वाहिला तेव्हा आपणच इथे नव्हतो. गोंडवनापासून सुटलेला भारत तेव्हा हिंदी महासागरात होता, विषुववृत्ताच्या खाली."

"उगम, विषुववृत्ताच्या दक्षिणेस," मनोजने लिहिलं.

गोदामांच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या माणसाचा कान अशा वेळी टवकारतो; साहेबांचाही टवकारला. "म्हणजे माल परदेशी? समुद्रमार्गे आला?"

"अर्थात समुद्रमार्गे! भारतासकट आला."

"कस्टमची पावती?"

"साहेब, तेव्हा माणूस नव्हता."

"पावती नाही," मनोजने लिहिलं. "वाहतुकीचं साधन, सर?"

"भूपट्ट."

"साहब, मेरी रिक्षा का नंबर मत लिखो," शादाब काकुळतीने म्हणाला. "सर खुद बोल रहे हैं, दुसरी गाडी से आया."

"वेग, सर?"

"वर्षाला जेमतेम वीतभर."

"वेगमर्यादेच्या आत," मनोज समाधानाने म्हणाला. गुरूला वाचवायची हीच काय ती एक जागा त्याला सापडली होती.

खडक जप्त झाला. रिक्षा जप्त झाली. सर जप्त झाले नाहीत, पण त्यांना 'जा' असंही कुणी म्हणालं नाही.

कार्यालयात खडकाला दोरीने चिठ्ठी बांधून टेबलावर ठेवण्यात आलं. साहेबांनी समजावून सांगितलं की आता खनिकर्म, पुरातत्त्व आणि कस्टम अशा तिन्हीकडे पत्रं जातील आणि त्यांची उत्तरं आली की निर्णय होईल. उत्तरं कधी येतील, या प्रश्नावर मनोज अदबीने म्हणाला, "सर, साडेसहा कोटी वर्षं थांबलेल्याला घाई नसावी."

काशीबाईंचा फोन आला. "अवो, कुठं हाव तुमी? विहीनबाई आल्यान. पालना सजला, घुगऱ्या शिजल्या. दगर कुठं हाय?"

"खडक कस्टडीत आहे."

पलीकडे मिक्सर बंद झाला आणि काशीबाईंनी विहीणबाईंना हाक मारली.

दुपार कलायला लागली तेव्हा शादाबने बोलावलेले नूरभाई आले. त्यांनी चिठ्ठी बांधलेला खडक पाहिला, सर पाहिले, आणि आवाज खाली आणला. "सर, मेरी मानो. एक लाइन बोला. सादा पत्थर है, घरचा. सगळे सुटतील."

"खोटं बोलू?"

"पत्थरला पत्थर बोलायचं, त्यात झूठ काय?"

"नूरभाई, तुमच्या लूमच्या कापडाला उद्या कुणी चिंधी म्हणालं तर?"

"टॅक्स वाचत असेल तर पहिला मीच बोलेन," नूरभाई म्हणाले. व्यापाऱ्याला मानभंगाचा अनुभव असतो. मास्तर त्या बाबतीत कच्चे.

आणि मग दारात विनिताबाई उभ्या राहिल्या. पैठणी, गळाभर सोनं, आणि हातात मोबाइल. कार्यालयातल्या पंख्यानेसुद्धा वेग थोडा कमी केला.

"व्याही, दिवे लागायच्या आत बारसं व्हाया पायजे," त्या म्हणाल्या. "वरवंटा न्हाय तं मी नात पालन्यात घालू देनार न्हाय. तशीच उचलतंय नि वलला नेतंय. बारसं तिकरंच करीन. मंग माहेरी बारसं झालंच न्हाय, ह्यो शब्द तुमच्या लेकीला जल्मभर." त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यातून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याच्या मागे मेघालीचं.

मग त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "ह्यो काय हाय?"

साहेब पाहू लागले. मनोजने पेनचं टोपण काढलं. सरांच्या डोळ्यांपुढून अख्खं दख्खनचं पठार थराथराने सरकलं. गोंडवना फुटलं, टेथिस आटला, हिमालय उभा राहिला. एवढं सगळं झालं तरी विनिताबाईंचं बोट तिथेच होतं.

"दगड," सर पुटपुटले.

"सर, ऐकू नाही आलं," मनोज म्हणाला. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्याला फक्त सवय होती. "मोठ्याने, सर. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"दगड आहे!" सर ओरडले. "दगड! साधा दगड. घरगुती वरवंटा."

"घरगुती वरवंट्याला पास कसला?" साहेब चिडून म्हणाले. "मग सकाळपासून चाललंय काय इथे?"

मनोजने अग्निजन्यवर रेघ मारली, झिओलाइटवर मारली, साडेसहा कोटी वर्षांवर मारली, विषुववृत्तावर तर दोन मारल्या. त्याखाली सुवाच्य अक्षरात 'साधा दगड' असं लिहून त्याने सहीसाठी कागद पुढे केला. सही करायला वाकताना सरांच्या लक्षात आलं की कार्यालयात खुर्ची रिकामी नसल्यामुळे ते सकाळपासून उभेच होते.

बारसं वेळेत झालं. वरवंट्याला झबलं काही होईना, तेव्हा उशीचा अभ्रा घातला. "ह्यो वरवंटा हाय का रोडरोलर?" असं काशीबाईंनी एकदाच विचारलं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' यातलं 'घ्या' भिवंडीत एवढ्या कळकळीने कधी म्हटलं गेलं नसेल; प्रत्येकीला तो लवकरात लवकर पुढचीच्या हाती द्यायचा होता. रुकय्याभाभींनी बिस्मिल्ला म्हणून उचलला, विनिताबाईंनी तर एका हाताने. पाळण्याच्या दोऱ्या कुरकुरल्या, पण टिकल्या. मग बाळ पाळण्यात गेलं, आत्याने कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं : नियारा.

वरवंटा आता खोलीच्या दाराला टेकण म्हणून लागला आहे. वाऱ्याने दार आपटत नाही, असं काशीबाई कौतुकाने सांगतात, आणि सरांच्या हातून संसारात झालेलं हे पहिलं उपयोगी काम असंही पुढे जोडतात. सर ऐकून घेतात.

परवा दुपारी मात्र काशीबाई आणि मेघाली डुलकी काढत होत्या आणि सर पाळण्याला झोका देत बसले होते. बाळ टक्क जागं. सरांनी दाराकडे पाहिलं, खिडकीतून नूरभाईंच्या गॅलरीकडे पाहिलं, खाली महसूल खात्याची जीप नाही याची खात्री केली, आणि ते हळूच वाकले.

"कुर्र," ते नातीच्या कानात म्हणाले. मग टेकणाकडे बोट केलं. "बेसॉल्ट. अग्निजन्य खडक. पृथ्वीच्या पोटातील तप्त शिलारस पृष्ठभागावर येऊन..."

'थंड होऊन'पर्यंत पोचायच्या आत ती झोपली होती. नववी ब सुद्धा बरोबर तिथेच झोपायची. पण हिला सरांनी बाकावर उभं केलं नाही.